‘त्याला येणार नाही’ हे मला आधीच कसं माहीत होतं?

अबोली_फोंडा (रविवार, रात्री ९:४०)

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. यंदा माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे, पट बावीस. त्यातली आठ मुलं घरी कोकणी बोलतात, दोघं मराठी, बाकीची कन्नड, लमाणी नाहीतर हिंदी. गावातली बरीच मुलं इंग्रजी शाळांत गेली. बांधकामावर, भाजीच्या गाड्यावर, कारखान्यात कामाला आलेल्यांची मुलं आमच्याकडे आली. म्हणजे मराठी ही माझ्या वर्गात बहुतेकांची घरची भाषा नाही, फक्त शाळेची.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक छात्रशिक्षिका आली होती. मागच्या बाकावर बसून माझे पाठ बघायचे आणि टिपणं काढायची, हे तिचं काम. मी तिला म्हटलं, नुसतं ‘पाठ छान झाला’ लिहू नकोस, काहीतरी मोजून दाखव. तिने जे मोजलं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी एखाद्या मुलाला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, तर दुसऱ्याकडे वळेपर्यंत मी किती सेकंद थांबते, ते. मोबाइलवर घड्याळ लावून, मुलागणिक, गणिताचे तीन तास.

चौकटीच्या वहीचं एक पान तिने माझ्यासमोर ठेवलं. डावीकडे नावं, उजवीकडे पेन्सिलीने आकडे. काही नावांपुढे ४, ५, ४, एका ठिकाणी ७. एका मुलाच्या नावापुढे १, १, २, १. ती पोरगी बिचारी घाबरत होती, म्हणाली, “टीचर, म्हजें मोजप चुकलां आसुंये.” तिचं मोजप चुकलं नव्हतं.

तो मुलगा बागलकोटकडचा. वडील सेंट्रिंगचं काम करतात, आई दोन घरी भांडी घासते. दुसरीत असताना आमच्या शाळेत आला. मी त्याच्याबद्दल कधी वाईट बोलले नाही, त्याला कधी ओरडले नाही. उलट जपतच होते. त्याला सोपे प्रश्न विचारायचे, उत्तर आलं नाही तर पटकन पुढे जायचे, चारचौघांत त्याची फजिती नको म्हणून. एका सेकंदात पुढे जाण्याला मी माया समजत होते.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून थांबले. “सात आठे किती?” मनातल्या मनात आकडे मोजत उभी राहिले. एक, दोन, तीन. वर्गात तीन सेकंदांची शांतता फार मोठी असते, स्वतः फळ्यापाशी उभं राहून बघा. मागची मुलं हात वर करून “टीचर, टीचर” करायला लागली. मी मान हलवून त्यांना गप्प केलं. चौथ्या सेकंदाला त्याचे ओठ हलले. मी जवळच होते म्हणून ऐकू आलं, “ऐवत्तारु.” मग कपाळाला आठी घालून आणखी थोडा वेळ, आणि मग मोठ्याने, “छप्पन्न.”

त्याला उत्तर केव्हाच आलं होतं. तो शब्द शोधत होता. आणि दोन वर्षं तो शब्द सापडायच्या आत मी दुसऱ्याचं नाव घेत होते.

‘हुशार निघाला’ अशी गोष्ट मला सांगायची नाही. तो गणितात बरा आहे, मराठी वाचताना अजून अडतो, जोडाक्षरं चुकवतो. मला विचारायचंय ते वेगळंच. त्याला येणार नाही, हे मला कोणी सांगितलं होतं? त्याची चाचणी मी घेतली नव्हती. त्याचं आडनाव, त्याच्या वडिलांचं काम, त्याची चप्पल, यांवरून मी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. आणि माझ्या वागण्यामुळे तो खरोखरच उत्तर न देणारा मुलगा झाला होता. एका सेकंदात कोण उत्तर देणार?

तुमच्यापैकी कुणाला असं स्वतःचं स्वतःला सापडलंय का? किंवा तुमच्याबद्दल कुणी असं आधीच ठरवून टाकलंय का? मनापासून लिहा. मला झोप लागत नाहीये.

---

रानवाट (रविवार, रात्री १०:१५)

ताई, मीही शिक्षक, सत्तरी तालुक्यात. वाचून उठलो आणि माझ्या वर्गातली कोण कोण मुलं डोळ्यांसमोर येत नाहीत ते आठवायला लागलो. सहा नावं आठवेनात. वीस मुलांच्या वर्गातली सहा. आज एवढंच लिहवतंय.

---

एमएच_शून्यसात (सोमवार, सकाळी ७:०५)

मी दोडामार्गचा, गोव्याच्या सीमेलगतचा, पण महाराष्ट्रातला. रोज मोटरसायकलने म्हापशाला कामाला येतो, आमच्याकडची शेकडो पोरं येतात तशी. माझी आई मूळची डिचोलीची, आजोळी मी कोकणीच बोलतो. मालवणी आणि तिकडची कोकणी यांत अंतर किती, हे दोन्ही बोलणाऱ्याला विचारा.

मागच्या पावसाळ्यात माझी गाडी आठ दिवस गॅरेजला होती. शेठनी त्यांची स्कूटर दिली, जीए-०३, म्हणजे गोव्याच्या नंबरपाटीची. तोच मी, तेच हेल्मेट, तोच रेनकोट, तोच रस्ता. पहिल्या दोन दिवसांत लक्षात आलं नाही, तिसऱ्या दिवशी आलं. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की समोरचा थोडा बाजूला घेत होता, हात वर करत होता. तिठ्यावर मी जरा गोंधळलो तर मागचा थांबत होता. माझ्या एमएच-०७ वर तोच गोंधळ झाला की हॉर्न, आणि काच खाली करून “ए घाट्या, रस्तो तुज्या बापायचो काय?” घाटी! आमच्या गावापासून घाट चढून वर जावं लागतं तेव्हा कुठे घाटावरचा मुलूख लागतो. आम्ही घाटाखालचेच, गोव्यासारखे.

पण ताई, तुमचं ‘माझ्या वागण्यामुळे तो तसा झाला’ हे वाक्य वाचून मी थांबलो. माझ्या गाडीवर असताना मी कसा चालवतो ते मला आठवलं. खांदे आवळून, कुणाकडे न बघता, कुणाला वाट न विचारता, कुणी हॉर्न मारायच्या आत निसटायचं म्हणून जोरात. बाहेरून बघणाऱ्याला तो उर्मट महाराष्ट्रवालाच दिसत असणार. स्कूटरवर मी आरामात होतो, लोकांकडे बघून हसत होतो. म्हणजे पाटी बदलल्यावर नुसते लोक बदलले नाहीत, मीही बदललो होतो. गाडी परत मिळाली त्या दिवशी खांदे आपोआप वर गेले.

माझी आजी आजारी पडली तेव्हा बांबोळीलाच आणलं. आमच्या अर्ध्या तालुक्याचा जीव बांबोळीच्या हॉस्पिटलवर आहे. तिथे पलंगाशेजारची कुठ्ठाळीची बाई आजीला रोज पेज द्यायची. तिने आमची पाटी बघितली नव्हती, आजीचं बोलणं ऐकलं होतं.

---

खोर्लीचा_माणूस (सोमवार, दुपारी १:२०)

सगळं पटतं, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी. माझ्या म्हापशात चार खोल्या आहेत, भाड्याने देतो. निवृत्तीनंतर तेच उत्पन्न. एका ठरावीक राज्यातल्या दोन भाडेकरूंनी मला फसवलं. एक चार महिन्यांचं भाडं बुडवून रात्रीत गेला, दुसऱ्याने खोलीत आठ माणसं ठेवली. तेव्हापासून तिकडचा फोन आला की मी फोनवरच नाही म्हणतो. पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायची, पाण्याचं बिल, शेजाऱ्यांची तक्रार, सगळं मला निस्तरावं लागतं. हा पूर्वग्रह नाही, अनुभव आहे. विस्तव एकदा हाताला लागला की माणूस दुसऱ्यांदा हात लावून बघत नाही. शाळेतलं मूल वेगळं आणि अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देणं वेगळं.

---

तिठा (सोमवार, रात्री ११:३०)

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिते.

अबोलीताई, तुमच्या छात्रशिक्षिकेने जे केलं ते अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी केलं होतं. वर्गातल्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांनी शिक्षकांचं थांबणं मोजलं, १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. आणि ज्या मुलांना ते हुशार समजत होते, त्यांच्यासाठी जास्त, कच्च्या समजलेल्या मुलांसाठी कमी. तीन सेकंद थांबायची सवय लावली तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, जी मुलं कधी बोलत नव्हती ती बोलायला लागली. तेव्हा ही तुमच्या एकटीची चूक नाही. जगभरच्या वर्गांत असंच चालतं.

अपेक्षेने मूल बदलतं का, यावरचा गाजलेला प्रयोग रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा, १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला. शिक्षकांना सांगितलं की ही काही मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची प्रगती जास्त दिसली, वरच्या वर्गांत फारशी नाही. या प्रयोगावर पुढे खूप टीका झाली, आणि नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम पुष्कळ लहान निघाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण भाषणांतून हा प्रयोग जादूसारखा सांगतात. शिक्षकाची अपेक्षा म्हणजे मुलाचं नशीब नव्हे. पण रोज थोडा थोडा धक्का एकाच दिशेने बसत राहतो, आणि मुलाला एकच शिक्षक नसतो.

एमएच_शून्यसात यांचे खांदे वाचून मला १९७४ चाच दुसरा प्रयोग आठवला: वर्ड, झॅना आणि कूपर. गोरे मुलाखतकार काळ्या उमेदवारांपासून खुर्ची जरा लांब ठेवत होते, मुलाखत लवकर आटोपत होते, बोलताना जास्त अडखळत होते. संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्या फेरीत गोऱ्या उमेदवारांना तशाच लांबच्या खुर्चीने, तशाच घाईने वागवलं. त्यांच्या मुलाखती वाईट झाल्या. खुर्ची कुणासाठी लांब ठेवली यापेक्षा ती लांब होती, याचा परिणाम झाला.

आपल्याकडचं हवं असेल तर कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली की त्यांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुलंही तशीच.

आता खोर्लीचा_माणूस यांच्यासाठी, भांडायला नव्हे. तुमचा अनुभव खरा आहे, नुकसानही खरं आहे. पण तुमच्या खोल्यांत आजवर किती भाडेकरू राहिले? त्यातल्या गोंयकारांपैकी, म्हणजे आपल्या गोव्याच्याच लोकांपैकी, कुणी भाडं बुडवलं नाही? बुडवलं असेल तर तो तुम्हाला नावाने आठवत असेल, ‘तो अमका’ म्हणून. आपल्यातला फसवतो तेव्हा एक माणूस फसवतो. परका फसवतो तेव्हा त्याचं अख्खं राज्य फसवतं. वही असेल तर काढून बघा, एवढीच विनंती.

२००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना शिक्षण आणि लायकी सारखीच असलेले अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावात. दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. त्या कंपन्यांतल्या प्रत्येकाला विचारलं असतं तर ‘आम्ही अनुभवावरून ठरवतो’ असंच उत्तर मिळालं असतं, असं मला वाटतं.

---

माड_आणि_मोगरा (मंगळवार, सकाळी १०:५०)

मी बार्देशची, ख्रिश्चन, वय ६१. माझं पहिली ते चौथी शिक्षण मराठीत झालं, कारण गोवामुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा उघडल्या तेव्हा आमच्या वाड्याजवळ तीच होती. आमच्या टीचर कोल्हापूरच्या होत्या. त्यांच्यामुळे मला वाचायची गोडी लागली, ती आजतागायत. माझं लिहिणं चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मी एका वाचनालयात सभासद व्हायला गेले. फॉर्मवर नाव लिहिलं. काउंटरवरची मुलगी फार गोड होती, फॉर्म वाचला, उठली, आणि मला हाताला धरून इंग्रजी पुस्तकांच्या कपाटापाशी नेलं. “आँटी, धिस सेक्शन.” मी म्हटलं, “बाळ, मला मराठी कथा हव्यात.” तिला वाटलं मी नातवंडांसाठी मागते. “लहान मुलांची पुस्तकं खाली आहेत,” म्हणाली. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिचा चेहरा पडला, तिला फार वाईट वाटलं. मला तिचा राग आला नाही. पण मी घरी आले ती रिकाम्या हाताने. पुस्तक घ्यायचं मनच राहिलं नाही.

नाव बघून लोक माझ्याशी इंग्रजीत बोलतात. मुंबई-पुण्याचे पाहुणे तर मी गोव्याची म्हटल्यावर विचारतात, घरी वाइन करता ना? आणि हिंदू गोंयकार तिकडे गेला की त्याला म्हणतात, “अरे, तुम्ही हिंदू? आम्हाला वाटलं गोव्यात सगळे ख्रिश्चनच.” २०११ च्या जनगणनेत गोव्यात ६६ टक्के हिंदू आहेत, आम्ही २५ टक्के, मुसलमान ८ टक्के. सिनेमात मात्र उलटंच दिसतं, आणि तिथे आमचा माणूस दारू पिऊन गिटार वाजवत असतो. माझे वडील रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारे होते. दिवसातून तीनदा माडावर चढायचे, रोज, पावसातही. ते दारूला शिवत नव्हते, घसरले तर आठ जणांचं घर कोण चालवणार होतं? गोंयकार म्हणजे ‘सुशेगाद’, निवांत, हा शब्द ऐकला की मला त्यांच्या पायाच्या टाचा आठवतात.

आणि मराठी आमची नव्हे म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत पुराण रचलं. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज येशूची गोष्ट मराठी ओवीत ऐकत होते.

पण मीही धुतल्या तांदळाची नाही. आमच्या घरात हिंदूंना ‘कोंकणे’ म्हणायची पद्धत, आणि ते म्हणताना आवाज जरा बदलायचा. ‘कोंकण्यांक पयशांची आस’ असं मी लहानपणी ऐकलं आणि मोठी होऊन बोललेही. दुकानदार बहुतेक हिंदू होते, आम्ही उधारीवाले. उधारीवाल्याला दुकानदार लोभीच दिसायचा.

---

देऊळवाडा (मंगळवार, रात्री ८:१५)

माड_आणि_मोगरा बाईंच्या लिहिण्यावरून एक घरची गोष्ट सांगतो. माझं वय ६८.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, ‘दोन पानां’ म्हणजे वेगळं राहायचं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचे आजोबा देवळात पुराण सांगायचे. घरात मराठी पोथ्या, मराठी दैनिक, पंचांग मराठी. गावात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की हे घर फुलाचं. फुलवाल्यांनी आमच्याकडे प्रचारसुद्धा केला नाही, गरज काय? आणि दोन पानांवाल्यांनी आमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही, काकांच्या लहानपणच्या मित्राने बोलणं सोडलं. आजोबांना कुणीच विचारलं नाही.

निकालात विलीनीकरणाविरुद्ध ३४,०२१ मतं जास्त पडली. त्यातलं एक आजोबांचं होतं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं १९८१ मध्ये, अंथरुणाला खिळल्यावर. मी थक्क झालो. म्हणाले, “म्हाका मुंबयचें राज नाका आशिल्लें. पूण पोथी सोड म्हूण कोणें सांगलें?” चौदा वर्षं त्यांनी दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकून घेतलं. मी विचारलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, ज्याने विचारलं नाही त्याला काय सांगायचं.

आजही मराठीत लिहितो म्हटलं की समोरचा माझं कोकणीबद्दलचं मत गृहीत धरतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, त्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, आणि मला दोन्ही गोष्टींचं समाधान आहे. हे वाक्य पुरं करायला मला बैठकीत क्वचितच मिळतं.

---

टिळकवाडी (बुधवार, सकाळी ६:३०)

बेळगावचा आहे, घरी मराठी, बाहेर कन्नड. त्या मुलाच्या ‘ऐवत्तारु’वर रात्रभर विचार करत होतो.

कन्नडमध्ये ऐवत्तु म्हणजे पन्नास, आरु म्हणजे सहा. ऐवत्तारु, पन्नास-सहा. जसं लिहायचं तसंच बोलायचं. मराठीत छप्पन्न म्हणजे आधी सहा, मग पन्नास, आणि दोन्ही शब्द ओळखू येणार नाहीत इतके झिजलेले. त्याला नुसतं भाषांतर करावं लागत नाही, आकडा उलटवावा लागतो. खरी परीक्षा ‘एकोणसाठ’ला होते. त्याच्या डोक्यात ऐवत्तोंबत्तु, पन्नास-नऊ. आपण सांगतो साठाला एक कमी. पन्नाशीतला आकडा आणि नाव साठाचं! त्यात एकोणतीस, एकोणनव्वद असं चाललेलं असताना शेवटी नव्व्याण्णव.

आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचायची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. गणित समितीवरच्या मंगला नारळीकरांनी परोपरीने सांगितलं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडतात. मीही तेव्हा हसलो होतो. ज्याला अडत नाही त्याला अडचण दिसत नाही. ताई, तुमच्या त्या मुलाला फळ्यावर आकडा लिहू द्या, मग नाव विचारा.

---

खोर्लीचा_माणूस (बुधवार, रात्री ९:००)

तिठाताईंनी वही बघायला सांगितली होती. मी पावतीपुस्तकं जपून ठेवतो, २००९ पासूनची. काढली. आजवर ३४ भाडेकरू. भाडं बुडवणारे किंवा त्रास देणारे सहा. दोन ते, ज्यांच्याबद्दल मी लिहिलं. एक मुंबईचा. तीन गोंयकार, त्यातला एक माझ्या बायकोचा मावसभाऊ. त्याचे पैसे सर्वांत जास्त बुडाले आणि त्याला मी या हिशेबात कधी धरलंच नव्हतं, घरची गोष्ट म्हणून.

त्या राज्यातले एकूण भाडेकरू किती, तेही बघितलं. नऊ. सात जणांनी वेळेवर भाडं दिलं. त्यांतल्या एकाने माझ्या आजारपणात मला गाडीतून हॉस्पिटलला नेलं होतं, आणि तो कुठला हे पावती बघेपर्यंत माझ्या लक्षात नव्हतं. डोक्यात ‘आपला सुतार’ अशीच नोंद होती.

माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. आगाऊ रक्कम घेणार, पोलिसांत माहिती देणार, माणसं किती ते लिहून घेणार. पण ते सगळ्यांकडून. आणि फोनवर नाही म्हणणार नाही, खोली बघायला बोलावेन.

---

एमएच_शून्यसात (बुधवार, रात्री ९:४५)

काका, पावतीपुस्तक काढून खरं ते लिहिलंत. तुम्हाला नमस्कार.

आता माझंही सांगतो. आमच्या दुकानात माल उतरवायला ओडिशाची पोरं येतात. मी त्यांना नावाने हाक मारत नाही, ‘ए भय्या’ म्हणतो. ती भय्यांच्या मुलखातलीही नाहीत. आज एकाचं नाव विचारलं तर त्याने आधी बघितलं मी रागावलोय का.

---

अबोली_फोंडा (तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी ४:१०)

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. टिळकवाडींनी सुचवलेलं लगेच सुरू केलं. गणिताच्या तासाला आता आधी पाटीवर आकडा, मग नाव. त्या मुलाच्या आईला शाळेत बोलावलं होतं. ती दारातच उभी राहिली, तिला वाटलं तक्रार आहे. मी म्हटलं, मला एक ते शंभर कन्नडमध्ये शिकवा. ती हसली, मग पदराने तोंड झाकून पुन्हा हसली, आणि बाकावर बसून तिने मला साठापर्यंत शिकवलं. पुढचं पुढच्या शनिवारी. हत्तोंबत्तु (एकोणीस) आणि इप्पत्तोंदु (एकवीस) यांत माझी अजून गडबड होते, आणि शब्द शोधताना माझेही ओठ हलतात.

छात्रशिक्षिकेचे पाठ संपले होते, तरी मी तिला विनंती करून परत बोलावलं. या वेळी तिने कोणता तास मोजायचा ते मला सांगायचं नाही, असं ठरवलं. काल तिने पान दिलं.

त्या मुलापुढे ५, ४, ६, ५ आहेत. बघून बरं वाटलं. मग खालपर्यंत वाचत गेले. या वेळी १, १, १, २ एका मुलीपुढे आहेत. गावातलीच, चांगल्या घरची, वडील बँकेत, कोकणी बोलणारी, नीटनेटकी. ती लाजाळू आहे, असं आम्ही सगळ्या टीचर पहिलीपासून म्हणत आलो आहोत. तिच्या आईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “आमचें चेडूं मातशें लजता हां, टीचर.” म्हणून मी तिला कधी ताणत नाही. प्रश्न विचारते, ती मान खाली घालते, मी हसून पुढच्याकडे जाते.

पहिल्या कागदावर तिच्यापुढे काय होतं ते मी काल रात्री काढून बघितलं. तेव्हाही १ आणि २ च होते. तेव्हा माझी नजर एकाच ओळीवर अडकली होती, त्यामुळे ही ओळ मी वाचलीच नाही.

सोमवारी पहिला प्रश्न तिला विचारणार आहे. रानवाट, तुमची ती सहा नावं आठवली का?

---

रानवाट (शनिवार, संध्याकाळी ६:३०)

आठवली. हजेरीपट न बघता पाच. सहाव्या मुलीचं नाव बघावं लागलं.